दिलेला पोशाख, मागितलेला पोशाख : जळगावच्या एका कोजागरी प्रयोगाचं प्रकरण

भांडण एका खोक्यावरून झालं.

जळगावच्या एका कॉलनीत कोजागरीच्या कार्यक्रमासाठी चार जणींनी छोटा नाट्यप्रवेश बसवायला घेतला होता. एक व्हॅम्पायर, म्हणजे रक्त पिऊन जगणारा अमर माणूस, एक मुलगी आणि दोन काळ : १८६४ आणि आज. पहिल्या मसुद्याच्या दुसऱ्या भागात तो अमर नायक मुलीच्या दारात एक खोकं ठेवून जातो. खोक्यात लुगडं असतं, १८६४ साली त्याच्या प्रेयसीनं नेसलेलं. मुलगी ते नेसून अंगणात येते, दोघं नाचतात, संपलं. चौघींपैकी एकीच्या मते अख्ख्या प्रवेशात यापेक्षा सुंदर क्षण नव्हता. दुसरीनं सरळ सांगितलं, हा क्षण राहणार असेल तर मी नाही. अडचण अशी, की ही दुसरीच व्हॅम्पायरची भूमिका करत होती.

वेशभूषा माझ्याकडे होती. मी शिवणक्लास चालवते आणि व्हॅम्पायर मालिकांची जुनी प्रेक्षक आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी मला साक्षीला ओढलं. त्या दिवसांतलं बोलणं सविस्तर मांडावंसं वाटलं, कारण या मालिकांच्या चाहत्या मुलींबद्दल एक शेरा सर्रास ऐकू येतो : यांना फक्त कपडे आणि हिरो दिसतात. मी जे पाहिलं ते असं नव्हतं. पोशाखावर वाद घालता घालताच या मुली प्रेमात हक्क कुणाचा, नकार कुणी द्यायचा, कुणी कुणाला सजवायचं हे ठरवत होत्या. हे विषय थेट काढले असते तर निम्म्या गोष्टी कुणी बोललंच नसतं.

चौघी

नावं मुद्दाम गाळते आहे.

संयोजिका बँकेत नोकरी करते. 'द व्हॅम्पायर डायरीज' ही तिची मालिका : २००९ ते २०१७, आठ पर्वं, १७१ भाग. त्यातल्या डेमन आणि स्टीफन या दोन व्हॅम्पायर भावांपैकी ती डेमनच्या बाजूची, आणि हे ती जात-गोत सांगावं तितक्या गांभीर्यानं सांगते. तिची नजर कपड्यांच्या बाबतीत फार तयार आहे. नीना डोब्रेव या मालिकेत एकाच चेहऱ्याच्या दोन बायका साकारते, आजची नायिका एलेना आणि जुन्या काळातली व्हॅम्पायर कॅथरीन. संयोजिका आधी केस बघते, मग पायातले बूट. केस सरळ आणि पायात कॅनव्हासचे बूट असतील तर एलेना. केस कुरळे आणि उंच टाचा असतील तर कॅथरीन. चेहरा काहीच सांगत नाही तेव्हा कपड्यांकडेच विचारावं लागतं, असं तिचं म्हणणं. व्हॅम्पायरच्या बाबतीत हे आणखीच खरं आहे. दीडशे वर्षं जगलेला माणूस पंचविशीचा दिसतो. त्याच्या चेहऱ्यावर सुरकुती नाही, केसांत पांढरा धागा नाही. त्यानं काय काय पाहिलं, कुणावर प्रेम केलं, ते सांगायला अंगावरचं कापडच उरतं. म्हणून या मालिकांचे चाहते कापडाबद्दल इतके जागरूक असतात, आणि मला ते पूर्ण पटतं.

तिची मैत्रीण कायद्याचं शिक्षण घेते. मालिका तीच, बाजू उलटी. उंच आहे म्हणून व्हॅम्पायर तिच्याकडे आला.

संयोजिकेची मामेबहीण, म्हणजे धाकटी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. नायिका ती. तिला २०२२ साली सुरू झालेली 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' प्रिय. मूळ कादंबरीतला लुई अठराव्या शतकातला मळेवाला आहे. मालिकेनं त्याला १९१० च्या न्यू ऑर्लिन्समधला कृष्णवर्णीय व्यावसायिक केलं. धाकटीच्या मते त्याचे ते नेटके सूट म्हणजे चिलखत आहे. गोऱ्या धनिकांबरोबर एका टेबलावर बसायचं तर त्याच्या कॉलरला एक चुणी चालत नाही. आणि त्याच्या प्रेमात पडलेला व्हॅम्पायर लेस्टाट त्याच्याकडे बघतो तेव्हा त्या चिलखताच्या आत कोण आहे ते बघतो. दोन पुरुषांमधली ही प्रेमकथा तिनं घरात कुणापासून लपवलेली नव्हती. ती फक्त म्हणायची, "कपडे नीट बघा, सगळं त्यातच आहे."

चौथी मावशी, संयोजिकेची सख्खी. माहेर शहादा. तिचा व्हॅम्पायर हिंदी बोलणारा : स्टार वनवरच्या 'प्यार की ये एक कहानी'मधला अभय रायचंद, २०१० ते २०११. विवियन डिसेना आणि सुकीर्ती कांडपाल यांची ती जोडी तेव्हा घराघरांतल्या मुलींना पाठ होती. शहाद्याला त्या काळी भारनियमन असायचं. रात्रीचा भाग हुकला की दुसऱ्या दिवशीच्या पुनःप्रक्षेपणाची वाट बघायची. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना देहरादूनच्या थंडीतली जॅकेटं बघत बसण्यात काय सुख होतं, ते मावशी अजून रंगवून सांगते.

ड्रेपरीच्या दुकानात

पहिली फेरी अर्थातच ड्रेपरीच्या दुकानात. गॅदरिंग, पंधरा ऑगस्ट, शिवजयंती यांवर चालणारं दुकान. राजे, मावळे, झाशीची राणी, इंग्रज साहेब, पऱ्या. दुकानाच्या काकांनी मागणी ऐकल्याबरोबर काळ्या सॅटिनचा झगा काढला : आत लाल अस्तर, मानेमागे उभी, ताठ कॉलर.

त्या कॉलरची गोष्ट मला फार आवडते. ड्रॅक्युलाची कादंबरी १८९७ सालची. १९२४ साली हॅमिल्टन डीन या आयरिश नाटकवाल्यानं ती रंगमंचावर आणली, तेव्हा ड्रॅक्युलाला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नाहीसं करायचं होतं. नट प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहायचा, ताठ कॉलरमुळे त्याचं डोकं झाकलं जायचं, इतर पात्रं झगा धरून असायची आणि तो खालच्या फळीतून निसटायचा. रिकामा झगा हातात राहायचा. रंगमंचावरच्या एका युक्तीसाठी शिवलेली कॉलर पुढे शंभर वर्षं व्हॅम्पायरची खूण होऊन बसली.

मुलींनी झगा नाकारला. धाकटीचं कारण अचूक होतं : "हा घातला की लांबूनच कळतं. मग मुलगी प्रेमात पडेलच कशी?" टीव्हीवरच्या व्हॅम्पायरचा सगळा प्रवास या वाक्यात आहे. १९६७ साली 'डार्क शॅडोज' या अमेरिकी दैनंदिन मालिकेत बार्नबस कॉलिन्स हा व्हॅम्पायर आला तो खांद्यावरून लोंबणारा इन्व्हर्नेस कोट आणि लांडग्याच्या मुठीची काठी घेऊन, कारण घरच्यांना तो इंग्लंडहून आलेला चुलत नातेवाईक वाटायला हवा होता. १९९७ साली सुरू झालेल्या 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर'मध्ये तो शेजारच्या गल्लीतला जॅकेटवाला मुलगा झाला. प्रेमकथा हवी तर त्याला माणसांत मिसळता आलं पाहिजे, आणि मिसळण्याचं काम कपडे करतात.

काकांनी मग इंग्रज साहेबाचा लाल कोट आणि एक फुगीर गुलाबी गाऊन काढला. दोन्हींना मागे वेल्क्रो. त्यांच्या धंद्यात ते बरोबरच आहे. तोच कोट आठवीतल्या मुलालाही बसला पाहिजे आणि मास्तरांनाही. पण वेल्क्रो निघतानाचा तो करकर आवाज ऐकून संयोजिकेनं मान हलवली. भाड्यानं फक्त पागोटं घेतलं. बाकी मी शिवायचं ठरलं.

१८६४ कुणाचं?

संयोजिकेला गाऊनच हवा होता, आणि त्यामागे एक ठरावीक प्रसंग होता. मालिकेच्या पहिल्याच पर्वात, २०१० साली, गावातल्या सौंदर्यस्पर्धेत एलेना निळ्या गाऊनमध्ये जिना उतरते. खाली जोडीदार म्हणून स्टीफन नसतो, म्हणून डेमन पुढे येतो. त्या जुन्या पद्धतीच्या नृत्यात तळहात एकमेकांसमोर आणायचे, पण टेकवायचे नाहीत. बराच वेळ ते टेकत नाहीत. चाहत्यांमध्ये या प्रसंगाला जी मान्यता आहे ती एखाद्या उघड मिठीला नाही. कॉलनीच्या स्टेजवर, आजी-आजोबांसमोर, हा नाच करता येईल हेही संयोजिकेनं आधीच हेरलं होतं.

पण कायदेवालीनं प्रश्न काढला तो गाऊनच्या मागच्या बाजूचा. मालिकेत १८६४ च्या आठवणी येतात त्या व्हर्जिनियातल्या, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या ऐन धामधुमीतल्या. डेमन दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या बाजूच्या सैन्यात भरती झालेला आणि मग सैन्य सोडून आलेला. कॅथरीनची दासी एमिली बेनेट ही कृष्णवर्णीय. पुढे तिच्याच वंशातली बॉनी नायिकेची जिवलग मैत्रीण होते. त्या काळातल्या रात्रीच्या गाऊनची वरची चोळी बहुतेक पाठीमागून नाड्यांनी आवळलेली असे. स्वतःची स्वतःला घालता येत नसे. "मग तिच्या नाड्या कोण बांधत असेल?" कायदेवालीनं विचारलं. "आणि बॉनीच्या वाट्याला आठ पर्वांत प्रेम किती आलं, मोज."

संयोजिका गप्प झाली नाही. ती म्हणाली, मला हे माहीत आहे आणि तरीही तो गाऊन मला आवडतो. आवडतो म्हणूनच त्यातलं काय खटकतं तेही मीच सांगू शकते. हे मला प्रामाणिक वाटलं. चाहता असणं म्हणजे सगळं मान्य असणं, असा अनेकांचा समज असतो. चाहत्याइतकी बारीक तक्रार दुसरा कुणी करत नाही.

इथे मी तोंड उघडलं. कारण १८६४ हे साल आपलंही आहे. त्याच युद्धामुळे १८६१ पासून अमेरिकेचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईत भाव कित्येक पटींनी चढले. खानदेशात कापूस सोन्याच्या मोलाचा झाला. त्याच दशकात रेल्वे आली. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळले, मुंबईतले भलेभले व्यापारी बुडाले. म्हणजे डेमन ज्या लढाईच्या गणवेशात दिसतो, त्याच लढाईनं आपल्या शेतकऱ्याच्या घरात चार वर्षं पैसा आणला आणि मग काढूनही घेतला. आपला व्हॅम्पायर त्या वर्षी कुठे असेल? कापसाच्या वखारीत. रात्री गाड्या येतात, कंदिलाच्या उजेडात गासड्या मोजणारा एक मुनीम, जो दिवसा कुणाला दिसत नाही.

हे सुचल्यावर तासाभरात गाऊन आपोआप बाद झाला. संयोजिकेनंच मुनिमाचं बोलणं लिहून काढलं.

मग कपडे. त्याला पांढरा सुती अंगरखा, बंदांनी बांधायचा, गुंडी नाही. धोतर, उपरणं, पागोटं. तिला नऊवारी लुगडं आणि गाठीची चोळी. हूक नको, चेन तर नकोच. रंगावर मी अडून बसले. धाकटीला राणी रंग हवा होता. पर्किननं पहिला कृत्रिम रंग १८५६ साली शोधला, पण १८६४ साली खानदेशातल्या वखारीजवळच्या बाईच्या अंगावर असा झगझगीत गुलाबी येणार नाही. निळीचा गडद निळा आणि मुळांपासून काढलेला लाल, एवढ्यात राहायला हवं. निळा ठरला. संयोजिका त्यावर खूश होती, कारण तिच्या मनातला तो निळा गाऊन निदान रंगानं तरी आला.

गाठीच्या चोळीनं प्रवेशात मोठा फरक पडला. ती पुढे बांधतात आणि जिची तिलाच बांधता येते. गाऊनला मागे दुसऱ्याचे हात लागतात. तालमीत धाकटी नाचाआधी चोळीची गाठ चाचपून घट्ट करायची आणि मग पुढे यायची. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं.

एका तालमीला संयोजिकेची आई येऊन बसली. नाचावर आक्षेप येईल अशी सगळ्यांना धास्ती. त्या म्हणाल्या, "त्या काळातली बाई आणि डोक्यावर पदर नाही?" एवढंच. पदर घेतल्यावर नाचाची लयच बदलली. तळहात जवळ आणताना पदर सावरायचा, तो सरकला की थांबायचं. पदर खांद्यावर उतरला तेव्हा तालमीला बसलेल्या सगळ्या जणी शांत झाल्या. त्या नाचात याहून धीट काही करायची गरज उरली नाही.

खोकं

आता मूळ वाद. गच्चीवरच्या तालमीत कायदेवालीनं खोकं दारात ठेवलं आणि तिथेच थांबली. म्हणाली, "मला हे ठेवताना बरं वाटत नाहीये. तिला न विचारता मी तिला दुसऱ्या बाईचे कपडे घालायला लावतोय." भूमिकेत असल्यामुळे ती पुल्लिंगी बोलत होती. मला वाटतं, हा मुद्दा बाहेर बसून तिला सुचला नसता. खोकं हातात होतं म्हणून सुचला.

तिच्या बाजूनं मी बार्नबसची गोष्ट सांगितली. १९६७ साली, टीव्हीवरचा व्हॅम्पायर नवाच असताना, बार्नबस मॅगी इव्हान्स या हॉटेलात काम करणाऱ्या मुलीला पळवून नेतो. त्याची गमावलेली प्रेयसी जोसेट. तो मॅगीला जोसेटचा लग्नाचा पोशाख घालतो, जोसेटची संगीतपेटी वाजवतो आणि तू मॅगी नाहीस, जोसेट आहेस, असं तिच्या मनावर ठसवत राहतो. पुढे जोसेटची भूमिकाही मॅगी साकारणाऱ्या कॅथरीन ली स्कॉट या नटीनंच केली. प्रेक्षकांना बार्नबसची कीव आली, तो लोकप्रिय झाला, मालिका १९७१ पर्यंत चालली. पण मॅगीच्या अंगावरचा तो पोशाख म्हणजे कैदच होती. आमच्या खोक्यातलं लुगडं थेट त्याच घराण्यातलं.

संयोजिकेनं उत्तर तिच्या मालिकेतून आणलं. २०१२ साली, तिसऱ्या पर्वात, खलनायक क्लाउस एलेनाची मैत्रीण कॅरोलाइन हिला मेजवानीआधी खोक्यात निळा गाऊन पाठवतो, सोबत चिठ्ठी. ती चिडते, आणि तरी तोच गाऊन घालून जाते. यावर कायदेवाली : "घालून जाते, पण प्रेमानं नाही." संयोजिका : "पण तिला तो आवडलेला असतो." दोघीही बरोबर आहेत. चाहत्यांमध्ये हा वाद मिटत नाही, कारण प्रसंगातच दोन्ही गोष्टी आहेत.

मग धाकटीनं, जिची ही मालिकाच नव्हती, पुढचं आठवून दिलं. एक वर्षानं, २०१३ मध्ये, चौथ्या पर्वात, कॅरोलाइनचा नाचासाठीचा पोशाख एलेना बळकावते आणि कॅरोलाइन स्वतः क्लाउसच्या घरी जाऊन सांगते, मला पोशाख दे, मोनॅकोच्या राजकन्या ग्रेससारखी दिसले पाहिजे. देणारा तोच, घेणारी तीच, कपाटही बहुधा तेच. फरक इतकाच की या वेळी तिनं मागितलंय. गच्चीवर सगळ्यांना एकदम पटलं की या जोडीतलं प्रेम, असेल तर, इथे सुरू होतं, खोक्यापाशी नाही.

कोटाचा विषयही याच संध्याकाळी निघाला. 'बफी'मधला व्हॅम्पायर स्पाइक आणि त्याचा लांब चामडी कोट यावर जीव टाकणाऱ्या पिढीतली मी. पाचव्या पर्वात, २००० साली, कळतं की तो कोट त्यानं १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत मारलेल्या एका स्लेयर, म्हणजे व्हॅम्पायरांना मारणाऱ्या, मुलीच्या अंगावरून काढून घेतलेला आहे. शेवटच्या पर्वात त्या मुलीचा मुलगा मोठा होऊन समोर येतो, तेव्हाही स्पाइकच्या अंगावर आईचा तोच कोट असतो. हे कळल्यानंतर तो कोट बघण्याची रीत बदलते. तो अजून देखणा दिसतो, पण आता कुणाचा तरी दिसतो. कायदेवालीनं शांतपणे विचारलं, "आपलं लुगडं कुणाचं आहे? १८६४ च्या बाईचं काय झालं, ते त्याच्याकडे कसं आलं?" मसुद्यात याचं उत्तर नव्हतं.

आणि खानदेशात कपडा देण्याला भारी अर्थ आहे, तो वेगळाच. साखरपुड्यात वराकडचे शालू देतात, तो नेसला की मुलीनं होकार दिला असं दहा माणसांसमोर ठरतं. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, झोके बांधतात, गवराईची गाणी म्हणतात, जाताना भाऊ लुगडं देतो. त्यात वचन असतं की हे दार उघडं आहे. आमच्या प्रेक्षकांतल्या बायका खोक्यातलं लुगडं बघून काय समजतील? मावशीनं सांगितलं, "त्याने दिलं आणि तिनं नेसलं, म्हणजे झालं लग्न. मग नाच कशाला उरला?"

म्हणजे ज्या ओढीवर संयोजिकेचा जीव होता, तीच खोक्यामुळे मरत होती. हे तिला कायदेवालीच्या युक्तिवादानं पटलं नव्हतं. मावशीच्या एका वाक्यानं पटलं.

अस्तंबा

मावशी तोवर फारशी बोलली नव्हती. आता तिनं विचारलं, हा तुमचा मुनीम अमर कशामुळे झाला?

कुणाकडे उत्तर नव्हतं. चावला असेल कुणीतरी.

मावशीच्या माहेरी अमर माणूस म्हटलं की एकच : अश्वत्थामा. सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणीत, अस्तंब्याच्या डोंगरावर तो राहतो अशी श्रद्धा. दिवाळीत तिथे यात्रा भरते, हजारो आदिवासी तरुण रात्रीतून तो उभा डोंगर चढतात. त्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला, ती जखम कधी भरत नाही, आणि तो डोंगरात वाट चुकलेल्यांना भेटतो आणि जखमेसाठी तेल मागतो, असं लोक सांगतात. त्याचा गुन्हा आठवा : रात्री छावणीत शिरून झोपलेल्यांना मारलं, द्रौपदीची पाच मुलं मारली. रात्रीचा मारेकरी, न मरण्याचा शाप, न भरणारी जखम. व्हॅम्पायरची ही सगळी सामग्री आपल्याकडे महाभारतापासून आहे. एक गोष्ट मात्र वेगळी. आपल्याकडे अमरपण शिक्षा आहे, आणि तिचा हेवा कुणाला वाटत नाही.

मावशीला अभय आवडला तो याच कारणानं, असं ती म्हणाली. त्याच्या डोळ्यांत तिला तीच जखम दिसायची. आणि मग अहिराणीत, "त्याले तेल देवानं, पोर नही." म्हणजे, त्याला तेल द्यायचं, मुलगी नाही.

संयोजिकेला हे लागलं. तिच्यासाठी अमर प्रियकर म्हणजे जो सोडून जाणार नाही तो. तिची बाजूही मी कमी लेखत नाही. बदलीच्या नोकऱ्या, पुण्या-सुरतेला निघून गेलेली मित्रमंडळी, दोन भेटींत ठरणारी स्थळं. अशा जगात दीडशे वर्षं एकीची आठवण जपणारा माणूस मुलींना हवासा वाटला तर त्यात हसण्यासारखं काय आहे? मावशी त्याच्याकडे जखमेच्या बाजूनं बघत होती, संयोजिका आठवणीच्या. प्रयोगात दोन्ही हवं होतं.

तोडगा कपड्यातूनच निघाला. मावशीनं दुसऱ्या दिवशी तिच्या आईचं जुनं निळं सुती लुगडं आणलं. नायिका ते स्वतःच्या आजीच्या ट्रंकेतून काढते आणि कोजागरीसाठी नेसते; कुणी दिलेलं नाही, वारशानं आलेलं, तिचंच. तो अंगणाच्या कडेला उभा असतो आणि लुगडं ओळखतो. खोकं गेलं, देणं गेलं, ओळखणं राहिलं. १८६४ ची बाई म्हातारी होऊन, लेकीसुना बघून गेली हेही त्यातून कळलं, आणि कायदेवालीच्या प्रश्नाला उत्तर मिळालं. दोन्ही काळांत त्याच्या अंगावर एकच खूण ठेवली : कपाळावर जखम झाकणारी पट्टी, पहिल्या भागात पागोट्याखाली, दुसऱ्यात टोपीखाली. प्लॅस्टिकचे सुळे आणलेच नाहीत, त्यांनी बोलणं बोबडं होतं.

दुसऱ्या भागातल्या जॅकेटसाठी रेक्झिन सगळ्यांना हवं होतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात दिव्यांखाली ते घालून नाचणं अशक्य. मी काळ्या जाड सुती कापडाचा बिनअस्तराचा कोट शिवला, खांदे थोडे भरून. लांबून चामडंच वाटलं, आणि कापूसवखारीतल्या माणसाला कापूसच शोभला.

प्रयोग

केशरी दुधाचं पातेलं गॅसवर, मुलं खुर्च्यांमधून पळताहेत, माईक मधूनच खरखरतोय. पहिल्या भागात पागोटं एकदा कलंडलं, कायदेवालीनं ते मुनिमाच्याच ऐटीत सावरलं. पदर उतरला तेव्हा मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. दुसऱ्या भागात ओळखण्याचा क्षण संयोजिकेला भीती होती तसा वाया गेला नाही, पुढच्या रांगेतली एक आजी मोठ्यानं म्हणाली, "ओळखलं बरं त्यानं." शेवटी हात टेकतच नाहीत. मुलगी घरात जाते, तेलाची वाटी आणते, त्याच्या हातात देते. तो पट्टी सोडतो आणि निघून जातो.

नंतर दुधाचे पेले हातात घेऊन जी चर्चा झाली ती आमच्या गच्चीवरच्या चर्चेपेक्षा लहान, पण तीच होती. एका नवविवाहितेला दोघं एकत्र यायला हवी होती. त्या आजींचं मत : लुगडं आजीचं, अंगण मुलीचं, मग त्याचा त्यात हक्क कसला, तेल दिलं ते योग्य केलं. दोन-तीन बायकांनी नाचाबद्दल चकार शब्द न काढता चोळीची गाठ कशी बांधली ते धाकटीला विचारलं. पुरुषांपैकी बहुतेकांना कापसाचा भाग आवडला.

संयोजिका समाधानी नाही. प्रयोग चांगला झाला हे ती मानते, पण तो प्रेमाचा नव्हता, दयेचा होता, असं तिचं ठाम मत आहे. पुढच्या वेळी तिला कॅरोलाइनचा दुसरा प्रसंग आपल्या पद्धतीनं करायचा आहे : मुलगी स्वतः वखारीत जाते आणि त्याच्याकडे मागते. कायदेवालीनं लगेच होकार दिला. मागितलं तर देईन, म्हणाली. मागायचं काय, यावर मात्र चौघी अजून अडून आहेत. धाकटीच्या मते तिनं त्याचा अंगरखाच मागावा, स्वतः घालायला. मावशीचा विरोध, संयोजिकेचा पाठिंबा. पहिला अंगरखा कायदेवालीच्या मापाचा होता. नवा मी बेतून ठेवला आहे, आणि शिवणीत दोन बोटं जास्त माया सोडली आहे, म्हणजे दोघींपैकी कुणालाही बसवता येईल.